उसवलेला उजवा बूट

नवा कोरा बूट विकत आणायचा आणि घरी आल्या आल्या त्याच्यावर ब्लेड चालवायचं, याला शौक म्हणावं की खूळ, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात हे खूळ ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, आणि ब्लेड माझ्या हातात. शिवणकाम मला येतं ना! कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज शिवणारी मी, माझ्यापुढे बूट आला तर नाही कसं म्हणणार?

हे बँकेत. बदल्या होत होत लखनौला आलो आणि इथेच रुतलो. मूळचे आम्ही सांगलीकडचे. अलीगंजात दुसऱ्या मजल्यावर घर, वर मोकळी गच्ची, खाली दिवसभर स्कूटरींचा कलकलाट. मुलगी इथेच वाढली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं, आणि मी चिडले की जास्तच हिंदीत येतं. लॉकडाऊनमध्ये ह्यांना दिवसाआड बँकेत जावं लागायचं आणि उरलेल्या दिवशी हे घरातल्या घरात फेऱ्या मारायचे. मला धड फरशी पुसू देत नसत. शेवटी मुलीनेच वैतागून मोबाइलवर एक व्हिडिओ लावून दिला. "बाबा, ये देखो. ये करो आप."

त्यात कुणी परदेशी माणूस लिंबाहून जराशी मोठी, आत दाणे भरलेली कापडी पुरचुंडी नुसत्या पायांनी उडवत होता. कधी पावलाच्या आतल्या बाजूने, कधी टाचेने, कधी चवड्यावर अलगद झेलून तिथेच थांबवायची, मग पुन्हा वर. हात लावायचा नाही आणि खाली पडू द्यायची नाही, एवढाच सगळा खेळ. फुटबॅग म्हणतात त्याला. मी पहिल्या दिवसापासून पुरचुंडीच म्हणत आले. पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेला हा माणूस ते एकटक बघत बसला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अगं, एक शिवून दे ना."

"आता हेच तेवढं राहिलं होतं," मी म्हटलं, आणि शिवून दिली.

आधी तांदूळ भरले, तर ती दगडासारखी लागायला लागली. मग साबुदाणा भरला. त्याचं आठवडाभरात पीठ झालं आणि शिवणीतून गळून ह्यांच्या मोज्यांवर सांडायला लागलं. माझा चांगला उपासाचा साबुदाणा! शेवटी मोहरी भरली आणि ती जमली. एकदा गच्चीवर माकडाने ती पळवली, टाकीवर बसून दाताने फाडली आणि सगळीकडे मोहरी उधळून दिली. हे खाली उभे राहून माकडाला मराठीत शिव्या घालत होते. इतकी हसले मी त्या दिवशी, पोट दुखेपर्यंत.

पुरचुंडी झाली, मग बूट आले. ह्यांना इंटरनेटवर या खेळाने वेड्या झालेल्या माणसांचा एक गट सापडला. जगभरातले लोक, पण बोलणं खेळापेक्षा बुटांवरच जास्त. बाजारात मिळणारा बूट या खेळाला चालत नाही म्हणे. त्याचं तोंड गोल आणि फुगीर असतं, त्यावर पुरचुंडी पडली की टणकन उडते. ती बसली पाहिजे. म्हणून बूट उसवायचा. पुरचुंडी पडली तर पायाला दोष द्यायच्या आधी बूट बघ, असं तिथले जुने खेळाडू नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. ह्यांना ते फार पटलं होतं. जेवताना मला ऐकवायचे.

"बुटाला काय धाड भरलीय?" मी विचारलं. "तुमचं पोट आत घ्या, आपोआप बसेल पुरचुंडी."

पण रविवारी दुपारी मीच दिवाणावर जुनं वर्तमानपत्र पसरून बसले. हे मोबाइल धरून सांगत होते आणि मी करत होते. नाड्या ओवायच्या दोन पट्ट्या बुटाच्या तोंडाशी जिथे येऊन मिळतात, तिथली शिवण ब्लेडच्या टोकाने टाका टाका उसवायची, म्हणजे बूट पुढपर्यंत उघडतो. जिभेच्या आतला स्पंज काढून टाकायचा. मग तळव्याच्या जवळ, अगदी खाली, दाभणाने दोन्ही बाजूंना नवी भोकं पाडायची आणि नाडी तिथून फिरवून ओढायची. असं केलं की बुटाचं तोंड ताटलीसारखं पसरतं, मधे जरासं खोलगट राहतं. आतल्या बाजूला, जिथे चकचकीत प्लास्टिकची पट्टी होती, तिथे मी माझ्या जुन्या पर्सचं खरखरीत चामडं कापून बसवलं. दोऱ्याला मेण लावून पक्के टाके घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी पुरचुंडी उडवली, ती उजव्या चवड्यावर आली आणि बसली. नुसती बसली. हे एका पायावर उभे, तोंड उघडं, आणि मी जिन्याच्या दारात ओले कपडे घेऊन. "अगं, बघ! बघ की!" केवढ्याने ओरडले! खालच्या मजल्यावरच्या भाभी धावत वर आल्या, त्यांना वाटलं कुणी पडलं. नंतर कितीतरी दिवस त्या मला चिडवायच्या, "भाभीजी, आजकल जूते सिल रही हैं?" मी म्हणायचे, हो, तुमचेही द्या.

खरं सांगते, मला ते काम आवडायला लागलं होतं. ब्लाउज शिवताना बायका शंभर खुसपटं काढतात. बाही घट्ट, गळा मोठा, ये ठीक नहीं लग रहा. इथे एक टाका उसवला की लगेच फरक दिसायचा, आणि हा माणूस माझ्याकडे असा बघायचा, जणू मी काहीतरी फार मोठं केलंय. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याने असं बघावं, ही काय साधी गोष्ट आहे? लॉकडाऊन संपला, बँक पूर्ववत सुरू झाली, तरी हे बँकेत जायच्या आधी रोज सकाळी गच्चीवर असायचे. ते बूट फक्त गच्चीपुरते. रस्त्यावर घालायचे नाहीत, धुवायचे नाहीत, उन्हात ठेवायचे नाहीत. देव्हाऱ्याला नसतील इतके नियम त्या बुटांना होते. पोटही उतरलं ह्यांचं. पुरचुंडी उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे, आणि हे गुणगुणत असायचे. गळा भयंकर बेसूर, पण खूश.

मग एकदा दिवाळीची साफसफाई चालली असताना म्हणाले, "उजवीकडून घसरतेय गं जरा. डावीकडे बरोबर बसते."

मी बूट हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. उजव्याची शिवण डाव्यापेक्षा किंचित कमी उसवली गेली होती, असं मला वाटलं. अजून थोडी उसवली. पुरचुंडी बसायला लागली. झालं.

थंडी सरायच्या आत पुन्हा तेच. या वेळी गटावर विचारलं. तिकडून उत्तर आलं की नाडीची दोन भोकं सोडून द्या, बूट अजून सैल होईल. तसं केलं. बसायला लागली. उन्हाळ्यात पुन्हा. मग मी उजव्याचा आतला तळवा काढून पातळ फोम घातला, तळव्याची कड कानशीने घासून चपटी केली, जिभेचा अर्धा भागच कापून टाकला. दर वेळी बसायची आणि दर वेळी काही दिवसांनी घसरायला लागायची. मला वाटायचं, बूटच फाटक्या नशिबाचा आहे, एकेका जोड्यात एक बूट असतो असा. डाव्याला मी पहिल्या दिवसानंतर सुई लावली नव्हती. दोन्ही बूट शेजारी ठेवले तर एका जोडीचे वाटायचे नाहीत.

आणि मग तो पट्टा. हे म्हणाले की उजव्या बुटाचं तोंड हवेत जरा खाली कलतं, म्हणून पुरचुंडी ओघळते. ते वर राहायला पाहिजे. मी ब्लाउजच्या सामानातलं रुंद इलॅस्टिक काढलं, त्याचं एक टोक पुढच्या नाडीत शिवलं आणि दुसरं टोक घोट्याभोवती पट्टा करून अडकवलं. इलॅस्टिक ओढून धरलं की बुटाचं तोंड आपोआप वर. ह्यांनी फोटो काढून गटावर टाकला. काय ते कौतुक! कुणी टाळ्या, कुणी लाल बदाम, कुणी विचारतोय इलॅस्टिक किती रुंद. ह्यांनी लिहिलं, हे माझ्या बायकोचं डोकं आहे. मी तो फोटो सांगलीला माझ्या बहिणीला पाठवला. आता आठवलं तरी अंगावर काटा येतो. ज्याला पाय उचलता येत नाही त्याला दवाखान्यात जो पट्टा देतात, तोच आम्ही दोघांनी घरी बसून तयार केला होता, आणि त्याला शोध म्हणत होतो.

बाकीचं दिसत नव्हतं का? दिसत होतं. जिन्यात ह्यांची उजवी चप्पल फटफट वाजायची, मधेच पायातून निसटायची. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "पाय उचलून चाला हो, म्हातारे झाल्यासारखे काय घासताय?" मग मागे बंद असलेली चप्पल आणून दिली. बंद होता, तर ती निसटेना. प्रश्न मिटला. ज्या माणसाचा चवडा गच्चीवर पुरचुंडी झेलतोय, त्याच्या पायाला काही झालंय असं कुणाच्या मनात तरी येईल का? दुसऱ्या कुठल्याही घरातल्या बाईने त्या चपलेच्या आवाजावरूनच नवऱ्याला डॉक्टरकडे नेलं असतं. आमच्याकडे रोज सकाळी पुरावा होता की पाय ठणठणीत आहे.

एके दिवशी हे बँकेतून निघून मोटारसायकलने आलमबागच्या बसस्टँडसमोरून येत होते. समोर ई-रिक्षा थांबली. ह्यांनी उजव्या पायाने ब्रेक दाबला. म्हणजे दाबला असं ह्यांना वाटलं. पाय ब्रेकवर नव्हताच, बाजूला लोंबत होता. रिक्षेला मागून धडकले. लागलं कुणालाच नाही, पण रिक्षावाल्याने भर रस्त्यात आईबहीण काढली. हे घरी येऊन खुर्चीत बसले. पाणी दिलं ते हातात धरून म्हणाले, "मी सांगितलं गं पायाला. त्याने ऐकलंच नाही." तोपर्यंत मी ह्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

हाडांच्या डॉक्टरने पाय इकडेतिकडे वाकवून पाहिला आणि मोठ्या हॉस्पिटलात नसांच्या डॉक्टरकडे चिठ्ठी दिली. तिथे सुया टोचून, विजेचे झटके देऊन तपासण्या झाल्या. अहवाल आले त्या दिवशी हे गच्चीवरचेच बूट घालून आले होते. दुसरा कुठलाच बूट पायात राहत नव्हता. ज्या बुटांना रस्त्यावरची धूळ लागू द्यायचे नाहीत, ते आम्ही हॉस्पिटलच्या ओल्या फरशीवरून नेले.

डॉक्टर वयाने आमच्याहून लहान, बोलायला सभ्य. "कब से है ये?" त्यांनी विचारलं.

"दो-तीन महीने," हे म्हणाले. आम्हाला खरंच तसं वाटत होतं.

मग बूट काढायला सांगितले. मी खाली वाकून पट्टा सोडवला, नाडी सोडवली. डॉक्टरांनी उजवा बूट उचलला, डाव्याकडे पाहिलं, पुन्हा उजव्याकडे. "ये क्या है?" मी सांगायला लागले. कशी अभिमानाने सांगायला लागले, मूर्खासारखी! ये पहले सिलाई खोली, फिर ये छेद, फिर ये तला घिसा, फिर इलॅस्टिक. डॉक्टर ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "सिर्फ दाएँ में? और पहली बार कब खोला था?"

मी बोटांवर मोजत मागे गेले. इलॅस्टिक पावसाळ्यात. तळवा उन्हाळ्यात. भोकं थंडीत. पहिली शिवण दिवाळीला. या नव्हे, त्याच्या मागच्या दिवाळीला. माझं मलाच ऐकू आलं. हे भिंतीकडे बघत होते.

रोगाचं नाव लांबलचक इंग्रजी आहे. मी ते इथे लिहिणार नाही. अर्थ एवढाच की मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा एकेक करून सुकत जातात. एका पायापासून सुरू होतं, मग दुसरा पाय, मग हात, मग गिळणं, मग श्वास. औषध नाही. एक गोळी आहे, तिने थोडं सावकाश होतं म्हणतात. बुद्धी मात्र शेवटपर्यंत शाबूत राहते, हे डॉक्टरांनी चांगली बातमी असल्यासारखं सांगितलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "हम पहले आते तो? तब आते, जब पहली बार सिलाई खोली थी?"

"तब भी यही होता," ते म्हणाले. "आपकी कोई गलती नहीं है."

माणसं हे ऐकून सुटकेचा श्वास टाकत असतील. मला तर त्या डॉक्टरची गचांडी धरावीशी वाटली. चूक असती तर बरं झालं असतं हो! चूक असती तर कुठेतरी एक वेळ अशी असती, जिथून परत फिरता आलं असतं. मी स्वतःला दोष दिला असता, डोकं आपटून घेतलं असतं, पण उपाय होता आणि आमच्या हातून निसटला एवढं तरी म्हणता आलं असतं. इथे निसटायलासुद्धा काही नव्हतं. परत येताना ऑटोत हे माझा हात धरून बसले होते आणि मी सबंध रस्ता ऑटोवाल्याशी भाड्यावरून भांडले.

निघताना डॉक्टरांनी एक सांगितलं होतं. कुणाला हे भराभर येतं, कुणाला फार सावकाश. डाव्या पायाकडे लक्ष ठेवा. डावा जितके दिवस चांगला राहील, तितकं समजा की आपल्याकडे वेळ आहे. झालं, त्या दिवसापासून माझा सगळा जीव त्या डाव्या पायात जाऊन बसला. हे झोपले की मी चादर सारून पाऊल बघायची. चहा घेताना टेबलाखाली बघायची, हलतोय का. मी काही फार देवदेव करणारी नाही, पण सांगलीच्या गणपतीला काय काय बोलले असेन ते त्यालाच ठाऊक. उजवा नेलास, ने. डाव्याला हात लावू नकोस. भाजीवाल्याशी घासाघीस करतात तशी देवाशी करत होते.

ह्यांनी बँकेतून रजा घेतली, मग नोकरीच सोडली. मोटारसायकल विकली. उजव्या पायाला हॉस्पिटलने प्लास्टिकचा साचा दिला, त्यावर पाऊल ताठ राहतं, पण खेळता येत नाही. गटावर ह्यांनी कधीतरी लिहिलं की पाय साथ देत नाही. आजाराचं नाव लिहिलं नाही. कुणीतरी प्रेमाने उत्तर दिलं की दुसऱ्या कंपनीचा बूट वापरून बघा, फार फरक पडतो. हे ते वाचून किती वेळ हसत होते. मला हसू येईना.

मला वाटलं, आता संपलं एकदाचं. पण एका सकाळी हे म्हणाले, "मला वर ने." मी हाताला धरून, एकेक पायरी थांबत, गच्चीवर नेलं. प्लास्टिकची खुर्ची आणून कठड्याला टेकवली. हे एका हाताने कठडा धरून, उजवा पाय साच्यात, खुर्चीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "टाक." मी पुरचुंडी हाताने टाकली. डाव्या चवड्यावर आली आणि बसली. तिथून ह्यांनी अलगद उडवली ती माझ्या पदरात. मी पुन्हा टाकली. मग ते रोजचंच झालं. मी टाकायची, हे झेलायचे. ह्यांच्यासाठी तो खेळ होता. माझ्यासाठी ती डाव्या पायाची रोजची तपासणी होती, आणि रोज पुरचुंडी बसली की मला वाटायचं, आजचा दिवस आपला.

मुलीला हे अजिबात पटत नव्हतं. ती तेव्हा चिनहटच्या एका कारखान्यात नोकरीला लागली होती, सकाळी घाईत असायची. एकदा वर आली आणि माझ्यावरच उखडली. "आई, ये बंद करवाओ यार. गिर जाएँगे बाबा. हड्डी टूट गई तो?"

"मोडू दे," मी म्हटलं. "हाड जोडलं तरी जातं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझीच जीभ हासडून टाकावीशी वाटली. ती खाली गेली. मी मागोमाग गेले, तर जिन्यात भिंतीला डोकं लावून रडत होती, ऑफिसचं कार्ड गळ्यात, डबा हातात. मी जवळ घेतलं. मग आम्ही दोघी तिथे जिन्यात बसून पोटभर रडलो आणि वरून ह्यांचा आवाज येत होता, "अगं, कुठे गेलात? टाका की!" त्या दिवशी ती उशिरा गेली आणि जाताना ह्यांच्यापाशी थांबून तिनेही पुरचुंडी टाकली. मी दारातूनच बघत होते.

होळी झाली. गच्चीच्या कोपऱ्यात कुणीतरी उधळलेला गुलाल अजून फरशीच्या फटीत होता. ऊन अजून बोचायला लागलं नव्हतं. नेहमीसारखी मी पुरचुंडी टाकली. ती डाव्या चवड्यावर आली, क्षणभर थांबली आणि बाहेरच्या कडेने घसरून खाली पडली.

"वाकडी टाकली मी," मी म्हटलं.

पुन्हा टाकली. पुन्हा घसरली. "वारा आहे आज," मी म्हटलं. दोरीवरच्या साड्यांचं टोकसुद्धा हलत नव्हतं. तिसऱ्यांदा टाकली, तीही पडली. मी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही, बुटाकडेच पाहिलं. डाव्या बुटाची शिवण पहिल्या दिवशी उसवली होती तेवढीच. अजून वाव होता. चार टाके उसवले असते, दोन भोकं सोडून नाडी फिरवली असती, तर बसली असती. मला नक्की माहीत होतं, बसली असती. आठवडाभर, पंधरा दिवस तरी बसली असती. ब्लेड ब्लाउजच्या पिशवीत होतं, काजं करायला मी ती पिशवी वरच घेऊन यायची. मी ते काढलं आणि गुडघ्यावर बसून डाव्या बुटाची नाडी सोडायला लागले.

ह्यांनी वाकून माझ्या डोक्यावर हात ठेवला. वाकणं सोपं नव्हतं, कठडा सोडावा लागला. "राहू दे," म्हणाले.

"अहो, दोन मिनिटांचं काम आहे. बूटच आवळलाय हा, दुसरं काही नाही. मी..."

"उजव्याच्या वेळी तू इतकं नीट केलंस," ते म्हणाले, "की तो जात होता तेव्हा मला कळलंच नाही. माझा पाय होता गं. मला निरोपसुद्धा घेता आला नाही. याला हात लावू नकोस. हा जाईल तसा मला कळू दे."

मला भांडायचं होतं. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीवर भांडत आले. कळून काय करणार आहात, एवढंच विचारायचं होतं, तेही विचारलं नाही. ब्लेड कागदात गुंडाळून पिशवीत ठेवलं. नाडी होती तशी बांधली, सैल नाही की घट्ट नाही. हे पुन्हा कठडा धरून सरळ झाले, डावा पाय पुढे केला.

"टाक," म्हणाले.

मी टाकली. पडली. मी वाकून उचलली आणि पुन्हा टाकली.